स्मरणिकेचे संपादक झालात? मग कोणता एडिटर कधी लागतो ते आधी बघा

शाळेची पन्नाशी, पतसंस्थेची पंचविशी, एखाद्या मंडळाचं अमृतमहोत्सवी वर्ष. सोलापुरात स्मरणिका काढायला निमित्त कमी पडत नाही. बैठकीत ठराव होतो, जाहिराती कोण आणणार यावर तासभर चर्चा होते आणि मजकुराचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघतो. मग सगळ्यांच्या नजरा एकाकडे वळतात. "सर, तुमचं वाचन आहे. तुम्हीच बघा की ओ." झालं, तुम्ही संपादक.

हा लेख अशा पहिल्यांदाच संपादक झालेल्यांसाठी आहे. इथे 'एडिटर' नावाची निदान पाच वेगळी कामं आहेत. त्यातली काही माणसं करतात, काही सॉफ्टवेअर. ती सगळी एकाच्या गळ्यात पडतात आणि उलट्यासुलट्या क्रमाने केली जातात, म्हणून स्मरणिका रखडतात. पानं लागून झाल्यावर कुणीतरी शुद्धलेखन तपासायला बसतो, एक परिच्छेद उडवतो, त्यामुळे पुढची बारा पानं सरकतात आणि डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारा, फोन उचलायचं बंद करतो. क्रम सांभाळला तर निम्मी कटकट होतच नाही.

पायरी 1 : तुम्ही नक्की कोणते संपादक, ते विचारून घ्या

घरी येणाऱ्या कुठल्याही दैनिकाच्या आतल्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक टाइपातली ओळ असते, ती एकदा नीट वाचा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी नावं तिथे असतात आणि मजकुराच्या निवडीची जबाबदारी कोणाची तेही असतं. ही ओळ शोभेसाठी नाही. 1867 च्या जुन्या कायद्याने 'संपादक' म्हणजे छापायच्या मजकुराची निवड ज्याच्या हातात आहे तो, अशी व्याख्या केली होती. 1 मार्च 2024 पासून त्या कायद्याच्या जागी 2023 चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा लागू झाला, पण छापलेल्या मजकुरासाठी संपादकाला जबाबदार धरायची रीत कायम आहे.

दैनिकाच्या आवृत्तीत निवासी संपादक असतो, वृत्तसंपादक असतो, पुरवणी पाहणारा वेगळा असतो. पण बातमीला कात्री लावणं, मथळा देणं, बातमीदाराला फोन करून "हे नाव नक्की आहे ना?" विचारणं, पान लावून घेणं ही कामं उपसंपादक करतात. त्यांची नावं त्या ओळीत नसतात. नवख्याने शिकायचं असेल तर मी म्हणेन, अग्रलेख लिहिणाऱ्यापेक्षा या माणसाशेजारी बसा.

स्मरणिकेतही असंच असतं. सल्लागार मंडळात वीस नावं, मानद संपादक म्हणून अध्यक्ष, अतिथी संपादक म्हणून एखादे पाहुणे आणि काम करणारे तुम्ही. त्याला हरकत नाही, नावं छापा. नावं छापल्याने जाहिराती येतात. फक्त तीन गोष्टी पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. लेख नाकारायचा किंवा कापायचा अधिकार कोणाचा? एकूण पानं किती आणि त्यातली जाहिरातींची किती? आणि छपाईला सोडण्याआधी शेवटची सही कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सगळे मिळून बघू" असं आलं, तर बैठक संपवू नका.

एकदाच निघणारी स्मरणिका नियतकालिक नसते, त्यामुळे तिच्या नोंदणीची भानगड नाही. पण "लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही" एवढी ओळ छापली की आपण सुटलो, हाही गैरसमज काढून टाका. एखाद्या माजी पदाधिकाऱ्यावर अफरातफरीचा आरोप करणारी आठवण छापलीत, तर छापायचं ठरवलं कोणी हा प्रश्न तुमच्याकडेच येणार.

पायरी 2 : मजकुराचं संपादन, हातात पेन न घेता

सगळे लेख येईपर्यंत एकाचंही शुद्धलेखन तपासू नका. आधी सगळं नुसतं वाचून काढा. मुख्याध्यापकांच्या शिस्तीची एकच आठवण नऊ जणांनी लिहिलेली असते आणि शाळेच्या पहिल्या इमारतीबद्दल कुणीच लिहिलेलं नसतं. हे भाषेच्या चुका शोधताना दिसत नाही. काय ठेवायचं, काय कापायचं, कोणाकडून नव्याने लिहून घ्यायचं, ते या वाचनात ठरवा आणि प्रत्येक लेखकाला फोन करा. लेख कापला हे त्यांना छापील पानावर कळू नये.

यातला दुसरा भाग म्हणजे तपासणी, आणि माझ्या मते स्मरणिकेचा खरा दर्जा इथेच ठरतो. इथलीच उदाहरणं घ्या. स्वातंत्र्यलढ्यावर सोलापुरात एक तरी लेख येतोच. एकजण चार हुतात्म्यांच्या फाशीचं साल 1930 लिहितो, दुसरा 1931. मार्शल लॉ 1930 च्या मे महिन्यातला. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली ती 12 जानेवारी 1931 ला. दोन लेखांत दोन सालं छापून आली, तर वाचक दोन्ही लेखांवरचा विश्वास सोडतो. नावांचंही तसंच. एका लेखात 'हुसेन', दुसऱ्यात 'हुसैन'. एकात 'किसन', दुसऱ्यात 'श्रीकिसन'. कुठलं तरी एक ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

माजी विद्यार्थ्यांच्या परिचयात हमखास सापडणारी चूक वेगळीच आहे : "1995 साली सोलापूर विद्यापीठातून बी.ए." 1995 मध्ये हे विद्यापीठ नव्हतंच. ते 2004 मध्ये स्थापन झालं; त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव 2019 मध्ये आलं. म्हणजे तीन पिढ्यांच्या पदव्यांवर तीन नावं, आणि तिन्ही बरोबर. सगळीकडे नवं नाव घालून 'एकसारखेपणा' आणू नका.

मुख्याध्यापकांचा कार्यकाळ, देणगीदारांची आडनावं, दिवंगतांची यादी, फोटोखालच्या ओळीतला 'डावीकडून' क्रम : हे चार कागद वेगळे काढा आणि दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. लोक स्मरणिका उघडतात ती आधी स्वतःचं नाव शोधायला. दिवंगतांच्या यादीत हयात माणसाचं नाव जाणं ही या शहरात न ऐकलेली गोष्ट नाही.

पायरी 3 : भाषा

आता पेन घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण 18 आहेत : 14 नियम 1962 चे, 4 नंतर 1972 मध्ये जोडलेले. ते चार पानांत मावतात. छापून टेबलावर ठेवा. सगळे पाठ नसले तरी चालेल, पण शहराचं नाव तरी सांभाळा. 'सोलापूर' मधला पू दीर्घ आणि 'सोलापुरात', 'सोलापुरी' मधला पु ऱ्हस्व. 'सोलापूरकर' मात्र दीर्घच. शाळेच्या स्मरणिकेत 'विद्यार्थीनी' हा शब्द शंभरदा येतो. तो 'विद्यार्थिनी' करा.

एक कागद घेऊन त्यावर तुमचे निर्णय लिहीत जा : आकडे देवनागरी की इंग्रजी, 'श्री.' लावायचं की नाही, 'मॅडम' की 'बाई', सोलापुरातल्या पेठांची नावं कशी, संस्थेचं पूर्ण नाव कुठे आणि छोटं कुठे. दोघंतिघं मिळून काम करत असाल तर हा कागद सगळ्यांकडे हवा. मोठ्या प्रकाशनांत यासाठी छापील पुस्तिका असते. तुम्हाला एक पान पुरे.

भाषा संपादकाचा मोह म्हणजे सगळ्यांना एका सुरात बोलायला लावणं. तो आवरा. मिलमध्ये आयुष्य काढलेल्या एखाद्या आजोबांची आठवण आली असेल तर त्यांचं 'खातं', 'जॉबर', 'जुनी मिलचा भोंगा' जसंच्या तसं राहू द्या. विडी वळणाऱ्या बाईंनी सांगितलेली हकिकत कुणीतरी लिहून आणली असेल, तर तिला "सदर महिलेने कथन केले" असल्या कपड्यांत गुंडाळू नका. शुद्धलेखन दुरुस्त करायचं, बोलणं नाही. अध्यक्षांच्या मनोगताला मात्र बिनधास्त कात्री लावा, 'खारीचा वाटा' दोनदा आला असेल तर एकदा.

पायरी 4 : टाइप कशात करायचं

सॉफ्टवेअरमधले एडिटर इथून सुरू होतात आणि घोळही इथूनच.

नोटपॅडसारखा साधा टेक्स्ट एडिटर फक्त अक्षरं साठवतो. ठळक, तिरपं, मध्यभागी असं त्यात काही नसतं (विंडोज 11 च्या नव्या नोटपॅडमध्ये थोडं आलं आहे, ते सेटिंगमधून बंद करा). स्मरणिकेसाठी त्याचा एक मोठा उपयोग आहे. व्हॉट्सॲपवर, ईमेलमध्ये, कुठल्या तरी फाइलमध्ये आलेला मजकूर आधी त्यात चिकटवा. सोबत आलेली रंगरंगोटी गळून जाते आणि स्वच्छ मजकूर हातात राहतो.

याच जातीचे मोठे भाऊ म्हणजे प्रोग्रामिंगवाले एडिटर : नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, व्हिम, ईमॅक्स. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या भाच्याला विचारलंत तर तो यांतलाच एखादा सुचवेल. संस्थेची वेबसाइट बनवायची असेल तर त्याचं ऐका, कारण कोड वर्डमध्ये लिहिला की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होतात आणि कोड बंद पडतो. स्मरणिकेसाठी ऐकू नका. चुकून व्हिममध्ये शिरलात आणि बाहेर पडता येईना, तर एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. हा प्रश्न 1991 पासून लोक विचारत आले आहेत, लाजू नका.

तुमचं काम वर्ड, लिबरऑफिस रायटर किंवा गूगल डॉक्समध्ये होईल. वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' आणि डॉक्समध्ये 'सजेस्टिंग' सुरू केल्याशिवाय दुसऱ्याच्या लेखाला हात लावू नका. काय खोडलं, काय घातलं ते रंगात दिसतं. लेखकाला तेच पाठवा. भांडणं कमी होतात, कारण मूळ वाक्य कुठेही गेलेलं नसतं.

मराठी स्पेलचेकर उपयोगी आहे, पण त्याची झेप ओळखा. 'कामगार दीन' त्याला चालतं, कारण 'दीन' हाही खरा शब्द आहे. 'सुतगिरणी' तो पकडेल न पकडेल, पण 'सुत' एकटा असला तर सोडून देईल. मुलगा आणि धागा यांतला फरक त्याला कळत नाही. एआयला "शुद्ध करून दे" म्हटलं तर ऱ्हस्वदीर्घ बऱ्यापैकी लावून देतो, मात्र सोबत त्या विडीवाल्या बाईंचं बोलणं सरकारी परिपत्रकासारखं करतो आणि रिकामी दिसलेली तारीख स्वतःच्या मनाने भरतो. त्याने दिलेला मजकूर मूळ कागदाशी ओळीओळीने ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसावीत म्हणून ठरलेली सर्वमान्य पद्धत. फोनवर टाइप केलेलं मराठी युनिकोडमध्ये असतं. बऱ्याच डीटीपी दुकानांत मात्र अजून पेजमेकर हे पान लावायचं जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट चालतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची आणि तिला युनिकोड कळत नाही. म्हणजे तुमचा मजकूर कन्व्हर्टरमधून जाणार. त्यात रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, 'ऱ्या' आणि 'र्या' यांची अदलाबदल होते. दुकानात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : "युनिकोड थेट चालतं का?" इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर काम करणारा ऑपरेटर मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी त्याला धरा.

पायरी 5 : तेलुगू, कन्नड, उर्दू पानं

पुण्यातल्या स्मरणिकेला ही पायरी लागत नाही, आपल्याला लागते. पूर्व भागातल्या शाळेची स्मरणिका असेल तर तेलुगू लेख येणारच, अक्कलकोटकडचे माजी विद्यार्थी कन्नडमध्ये लिहितील, एखादी नज्मही येईल.

तेलुगू आणि कन्नड लिपी न जाणणाऱ्याला सारख्याच दिसतात. ऑपरेटरने फाँट चुकवला तर तुमच्या लक्षात येणार नाही. म्हणून प्रत्येक भाषेसाठी एक वाचणारा माणूस नेमा आणि पान लागल्यानंतरचं प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली प्रत, त्यालाच दाखवा. टाइप केलेली प्रत वाचून तो "बरोबर आहे" म्हणाला, एवढ्यावर भागवू नका. बिघाड पान लावताना होतो.

उर्दूचं पान उजवीकडून सुरू होतं. नस्तलीक वळणासाठी इनपेज हे वेगळं सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे बहुधा ती पानं दुसऱ्या दुकानातून तयार होऊन येतील. दोन-चार पानंच असतील तर मधे घाला. दहा-बारा असतील तर मागच्या कव्हरकडून सुरू करा. उर्दू वाचणाऱ्याला अंक हातात घेतल्यावर ते पहिलं पान वाटतं. पृष्ठक्रमांक कसे टाकायचे ते त्याच वेळी ठरवा, नाहीतर अनुक्रमणिका कोलमडते.

पायरी 6 : पान लावणं आणि प्रूफ

छपाई 8 किंवा 16 पानांच्या फॉर्ममध्ये होते, म्हणजे तेवढी पानं एकत्रच छापली जातात. 8 पानांचा फॉर्म असेल आणि मजकूर 97 पानं झाला तर एका पानासाठी आख्खा फॉर्म वाढतो; एक पान कापा किंवा सात पानांच्या जाहिराती आणा. ही बेरीज पान लागण्याआधी करायची.

मुद्रितशोधक हा संपादक नाही, हे स्वतःला आणि त्यालाही सांगा. त्याचं काम म्हणजे मंजूर प्रत आणि प्रूफ यांचा मेळ घालणं : सुटलेली ओळ, दोनदा आलेला परिच्छेद, पानाच्या शेवटी एकटं पडलेलं शीर्षक. या टप्प्यावर कुणी "हे वाक्य जरा वेगळं करू या का?" म्हणालं, तर हात जोडा. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ आणि फायनल, एवढेच तीन. प्रूफ कागदावर काढून वाचा, स्क्रीनवर नाही. लाल पेनाने समासात खुणा करा आणि दुसऱ्या प्रूफात फक्त त्या खुणा न पाहता त्यांच्या आजूबाजूच्या ओळीही वाचा. एक करेक्शन लावताना शेजारचा काना उडतो.

पायरी 7 : फोटो आणि चित्रफीत

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा किंवा मूळ फोटो स्कॅन करा, छपाईच्या मापाला इंचाला 300 ठिपके धरून. ठिपके वाढवल्याने तपशील वाढत नाही, हे सोलापूरकराला फार समजवावं लागत नाही : जेकार्डच्या चादरीसाठी आलेखाच्या कागदावर मोर काढताना जितके चौकोन, तितकाच मोर. फोटोशॉप असो किंवा फुकटचं गिंप, उजेड आणि कड एवढंच सुधारा. समूहफोटोतून माणूस काढायची विनंती येते, नाही म्हणा.

कार्यक्रमात दाखवायला आठ-दहा मिनिटांची फिल्म हवी असते. तिचा एडिटर म्हणजे संकलक, आणि तो डीटीपीवाला नव्हे, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत भेटेल. तिथे एडियस किंवा प्रीमिअर चालतं. घरी करून पाहायचं असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे, फोनवर काइनमास्टर किंवा इनशॉट. सॉफ्टवेअरपेक्षा कागद आधी : मुलाखती लिहून काढा, कुणाचं कोणतं वाक्य घ्यायचं त्यावर खूण करा, क्रम लावा आणि मगच स्टुडिओत जा. तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या संकलकापुढे बसून "जरा मागं घ्या, अजून मागं" करत बसलात तर बिल वाढतं. आधी रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जोडणी, मंजूर करा, मग आवाज, मग नावांच्या पाट्या. पाट्यांवरचं मराठी संकलकाने टाइप करू नये. तुम्ही तपासलेला मजकूर त्याला युनिकोडमध्ये द्या. यूट्यूबवर टाकणार असाल तर सिनेमाचं गाणं मागे लावू नका, हक्कांवरून आवाज बंद होऊ शकतो. गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला हलगीचा खरा आवाज मिळाला तर कुठलंही गाणं लागत नाही.

पायरी 8 : छापायला सोडताना

फायनल प्रूफच्या प्रत्येक पानावर सही आणि तारीख. छपाईची पीडीएफ स्वतः उघडून कव्हर, अनुक्रमणिका, पृष्ठक्रमांक आणि देणगीदारांची यादी पुन्हा एकदा बघा. प्रूफ बरोबर आणि पीडीएफ जुनी, असं होतं. बिल चुकतं करण्याआधी ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल), वापरलेले फाँट आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. पुढच्या महोत्सवाला हे सगळं लागणार आहे आणि तोवर दुकान असेलच असं नाही.

छापून आल्यावर नावाची चूक सापडली तर शुद्धिपत्राची चिठ्ठी आत सारू नका, ती पहिल्याच हाताळणीत गळते. त्या मापाचा छापील स्टिकर करून चिकटवा. आणि गठ्ठे सुटायच्या आधीच पाच प्रती बाजूला काढा : दोन शाळेच्या कपाटात, एक हिराचंद नेमचंद वाचनालयाला, एक डीटीपीवाल्याला, एक तुम्हाला. प्रकाशनाच्या संध्याकाळी मागायला गेलात तर "संपल्या ओ सर" हेच ऐकायला मिळेल.